उपास, ऊस आणि बेडाक्विलिन

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम या पट्ट्यात लोक मला नावानं कमी आणि ‘टीबीवाले सर’ म्हणून जास्त ओळखतात. क्षयरोग कार्यक्रमात माझं पद वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाचं. पदाचं नाव लांबलचक, काम मात्र सोपं सांगता येतं: थुंकीचा रिपोर्ट आला की रुग्णाचं घर गाठायचं आणि औषध सुरू झालं की ते संपेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण डॉक्टरांनी लिहिलेली गोळी रुग्णाच्या घशाखाली उतरायच्या आधी त्याच्या ओसरीवर बराच खल होतो. माझी निम्मी नोकरी त्या ओसऱ्यांवर बसून गेली.

तिथं एक प्रश्न हमखास येतो. “सर, ह्यानं काही होत न्हाई ना?”

“काही होत नाही, घ्या बिनधास्त,” असं म्हणून उठता येतं. मी ते म्हणत नाही. एक तर ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे पहिली उलटी झाली की ते उघडं पडतं. मग पुढं तुम्ही कितीही खरं सांगा, कुणी ऐकत नाही. माझं उत्तर असतं, “होऊ शकतं. काय होऊ शकतं ते सांगतो, ते झालं तर ओळखायचं कसं ते सांगतो, आणि ओळखलं की लगेच काय करायचं तेही सांगतो.” एवढं ऐकून बहुतेक माणसं घाबरत नाहीत. उलट सावरून बसतात, घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला बोलावतात आणि म्हणतात, “हे लिहून घे रे.”

साध्या टीबीचंच घ्या. रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी नारिंगी होते आणि घरदार हादरतं. त्यात भिण्यासारखं काही नाही, औषधाचा रंगच तसा. पण याच गोळ्यांमधली आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि खुद्द रिफाम्पिसिनही यकृताला त्रास देऊ शकतात, आणि काविळीतही लघवी गडद होते. मग फरक कळायचा कसा? मी सांगतो, रोज सकाळी उजेडात आरसा घेऊन डोळ्याचा पांढरा भाग बघा. डोळा पांढरा आहे, भूक लागतेय, तर लघवीच्या रंगाकडं लक्ष देऊ नका. डोळा पिवळा दिसला, अन्नावरची वासना उडाली, मळमळायला लागलं, तर गोळी तिथंच थांबवा आणि आधी मला फोन करा. दारू पिणाऱ्याला हे दोनदा सांगतो, आणि त्याच्या बायकोला तिसऱ्यांदा.

ही झाली साध्या टीबीची गोष्ट. ज्या जंतूंवर रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही चालत नाहीत, त्या एमडीआर टीबीत हिशेब फार कठीण होतो. तिथली औषधं जास्त त्रासाची, मुदत मोठी, आणि ती घेतली नाहीत तर पुढं काय, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. टीबीवर औषधच नव्हतं त्या काळातल्या नोंदी सांगतात की थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के लोक दहा वर्षांत दगावत. एमडीआर रुग्णाला साध्या गोळ्या देत राहणं म्हणजे जवळपास त्याच काळात परत पाठवणं.

मी कामाला लागलो तेव्हा एमडीआरचा उपचार दोन वर्षांच्या आसपास चालायचा. त्यातले पहिले सहा ते नऊ महिने कॅनामायसिनची सुई, आठवड्यातून सहा दिवस. सोबत लेव्होफ्लॉक्सासिन, इथिओनामाइड, सायक्लोसेरिन आणि आणखी गोळ्या. इथिओनामाइडनं पोट ढवळायचं. सायक्लोसेरिननं डोक्यावर परिणाम व्हायचा. माणूस चिडचिडा व्हायचा, एखादा रात्री उठून बसायचा आणि कुणीतरी बोलावतंय म्हणायचा. आणि कॅनामायसिननं कान जायचे. सगळ्यांचे नाही, पण कुणाचे जातील हे आधी सांगता येत नसे. या जातीची औषधं आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मारतात आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

यातली फसवी बाजू अशी की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बोलणं बराच काळ ऐकू येतं, म्हणून रुग्णाला वाटतं कान शाबूत आहेत. कळंब तालुक्यातला एक तरुण माझ्याकडं होता, गावच्या भजनी मंडळात बसणारा. एकदा तो सहज म्हणाला, “सर, आमच्या मंडळानं टाळ बदलले का काय कळंना. पहिल्यागत आवाजच न्हाई.” टाळ तेच होते. त्या बोलण्यावरून त्याला कानाच्या तपासणीला पाठवलं. ते यंत्र तेव्हा जवळपास नव्हतं, बाहेरगावी जाऊन यावं लागलं, आणि रिपोर्टात वरच्या आवाजांची ऐकण्याची ताकद बरीच उतरलेली निघाली.

मग तोच खल. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. सुई आत्ता थांबवली तर उरलेले कान वाचण्याची शक्यता आहे, पण उपचार लंगडा होईल आणि टीबी उलटण्याचा धोका वाढेल. सुई चालू ठेवली तर टीबी बरा होण्याची शक्यता जास्त, पण कान आणखी जातील. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पोरगी दोन वर्षांची हाय माझी. तिला बाप लागतोय का बापाचे कान?” डॉक्टरांनी मधला मार्ग काढला, सुयांमधलं अंतर वाढवलं, राहिलेल्या गोळ्या पक्क्या केल्या. तो बरा झाला. बोलताना आता समोरच्याच्या ओठांकडं बघतो आणि भजनात बसत नाही. त्यानं घेतलेला निर्णय चुकला असं मला कधीही वाटलं नाही, पण त्याला निवडायला जे दोन पर्याय मिळाले ते फार वाईट होते, एवढं नक्की वाटतं.

हीच किंमत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी मोजली. टीबीच्या उपचारात २०१३ साली त्यांचं ऐकू येणं गेलं. पुढं पत्रकारिता करताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्या सोबतीनं बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली. टिसिले यांचेही कान याच उपचारात गेलेले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं ती मुदतवाढ नाकारली. सुईपेक्षा बरं औषध इतरांना स्वस्तात मिळावं म्हणून त्या सुईनं कान गेलेल्या दोघीजणी भांडल्या, हे मी नव्या आशाताईंच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगतो.

पण बेडाक्विलिनसुद्धा आलं तेव्हा कुणी त्याचं आरती ओवाळून स्वागत केलं नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली; टीबीसाठी अगदी नव्या जातीचं औषध चाळीस वर्षांनी आलं होतं. ज्या चाचणीवर ते उभं होतं तिच्यात हे औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० दगावले होते, आणि न घेणाऱ्या ८१ पैकी २. त्या मृत्यूंचं एकच एक कारण औषधाशी जोडता आलं नव्हतं, पण आकडा आकडाच असतो. शिवाय हे औषध हृदयाच्या ठोक्यांच्या विजेवर परिणाम करतं. ईसीजीत क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात, ते लांबतं. ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर ठोके एकाएकी बिघडून माणूस जाऊ शकतो. म्हणून भारतात २०१६ साली ते आलं तेव्हा दिल्ली, मुंबई, चेन्नई, अहमदाबाद, गुवाहाटी अशा शहरांतल्या अवघ्या सहा केंद्रांवर मिळायचं. सावधगिरी म्हणून ते ठीक वाटतं. पण पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारलं गेलं, तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०१७ मध्ये औषध मिळालं तरी पुढं ती वाचली नाही. औषध देण्यात धोका होता तसा न देण्यातही होता, आणि न देण्यातला धोका मोजायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं.

तो पुढं मोजला गेला दक्षिण आफ्रिकेत. तिथं हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की जुन्या उपचारावर साधारण चारांत एक दगावत होता, बेडाक्विलिन मिळालेल्यांत आठांत एक. हे काही चिठ्ठ्या टाकून केलेले गट नव्हते, त्यामुळं सगळं श्रेय एकट्या औषधाला देता येणार नाही. पण आधीच्या चाचणीनं जी भीती घातली होती, तिच्या बरोबर उलटं चित्र निघालं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिन शिफारशीतून काढलं, आपल्याकडंही उपचार हळूहळू सगळा तोंडावाटे घ्यायच्या औषधांवर आला, आणि माझ्या गाडीच्या डिकीतले सुयांचे डबे गेले.

सुया गेल्या, पण ओसरीवरचं काम वाढलं. सुई नर्सताईंच्या हातात होती. गोळी मात्र रुग्णाच्या घरच्या फडताळात असते, आणि घराचे स्वतःचे नियम असतात.

बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज घ्यायचं, नंतर आठवड्यातून तीन दिवस. ते जेवणाबरोबरच घ्यावं लागतं. भरल्या पोटी ते उपाशी पोटाच्या जवळपास दुप्पट अंगी लागतं. आता हे धाराशिव जिल्ह्यात सांगून बघा. तुळजापूरची भवानी इथल्या घराघरात आहे. नवरात्रात नऊ दिवस उपास, कित्येक बायका अनवाणी, कुणी नुसत्या पाण्यावर. माझ्या एका रुग्णबाईनं घट बसायच्या आधीच सांगून टाकलं, “भाऊ, गोळ्या चालू ठेवते, पण नऊ दिवस उपास मोडायचा न्हाई. लग्न होऊन आल्यापासून चुकला न्हाई.” तिच्या गोळ्यांत बेडाक्विलिनही होतं आणि लिनेझोलिडही.

मी तिला श्रद्धेबद्दल एक शब्द बोललो नाही. नुसता हिशेब मांडला. नऊ दिवसांत बेडाक्विलिनचे तीन-चार डोस येणार. रिकाम्या पोटी घेतले तर निम्मंच औषध अंगात जाईल, आणि कमी औषधावर जंतू शहाणे होतात. त्यात उपासानं मळमळ वाढली, उलट्या झाल्या तर अंगातलं पोटॅशियम उतरेल, आणि पोटॅशियम उतरलं की या गोळीचा हृदयावरचा धोका वाढतो. लिनेझोलिडनं पायाच्या नसा बधिर व्हायला लागल्या असतील तर अनवाणी चालताना काटा किंवा काच भरलेली कळणार नाही. “आणि पायातली जखम आपल्याला दिसायच्या आधी मुंग्यांना दिसती,” एवढं मात्र माझं वाक्य मी घुसडलं.

ती ऐकत होती, पण पटत नव्हतं. बोलली तिची सासू. आतापर्यंत जात्याशेजारी बसून शेंगा फोडत होती. “अगं, तुझ्या वाटणीचा उपास मी धरते. देवीला मी सांगते. तू उठता-बसता धर, तेबी साबुदाणा पोटभर खाऊन. वहाणा घालून देवळापाशी जा, पायरीला काढ.” माझ्याकडं वळून म्हणाली, “चालंल का लेकरा?” मी म्हणालो, “चालेल आजी, साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट घाला भरपूर.” सून हसली. घट उठल्यावर काढलेला ईसीजी ठीक निघाला.

धोक्यांच्या याद्या डॉक्टर आणि घर वेगवेगळ्या क्रमानं लावतात, हे मला या कामानं शिकवलं. क्लोफाझिमिन नावाचं एक जुनं औषध, कुष्ठरोगात वापरलं जाणारं, एमडीआरच्या गोळ्यांत असतं. त्यानं कातडी काळवंडते. डॉक्टरांच्या यादीत हे अगदी तळाला, कारण त्यानं जीवाला काही होत नाही आणि औषध थांबल्यावर रंग काही महिन्यांत, कधी वर्षानं उतरतो. पण ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथं ही बाब यादीत सगळ्यात वर असते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे सांगितल्यावर मुलीची आई मान हलवते. रंग बदलेल म्हटल्यावर ती रडायला लागते. तिला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्या घराला रंगाची किंमत गावानं मोजायला लावलेली असते. मी मग रंग उतरतो हे तीन वेळा सांगतो, उन्हात जाताना ओढणी घ्यायला सांगतो आणि औषध सुरू होण्याआधीचा मुलीचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावतो. नंतर रंग परत आला की पटवून द्यावं लागत नाही.

लिनेझोलिडचं काम आणखी नाजूक. २००० साली मंजूर झालेलं हे औषध मुळात न्यूमोनिया आणि कातडीच्या जंतुसंसर्गासाठी होतं, जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या मुदतीचं. टीबीत ते महिनोन् महिने द्यावं लागतं, आणि लांबलेल्या मुदतीतच त्याचे वाईट परिणाम उमटतात: रक्त कमी होतं, हातापायांच्या नसा बधिर होतात, क्वचित नजर जाते. रक्त तपासणीत कळतं. नसा आणि नजर मात्र विचारावी लागते, आणि “हातापायाला बधिरपणा येतो का?” असं विचारलं की सगळे “न्हाई” म्हणतात. म्हणून मी विचारतो, “चालताना चप्पल पायातनं निसटली तर कळतं का?” आणि बायकांना विचारतो, “ठेचा करताना लाल मिरची कुठली, हिरवी कुठली, लांबून कळतं का?” लाल-हिरव्यातला फरक धूसर व्हायला लागला तर डोळ्याच्या नसेवर येतंय, हे वेळेत लक्षात येतं.

वाशी तालुक्यातल्या एका ऊसतोड कामगाराला मी चपलेचं विचारलं तेव्हा तो हसला, “कळतंय की!” त्याची बायको चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “कशाचं कळतंय? परवा एक चप्पल रानातच ऱ्हायली. घरी आल्यावर मी दाखवलं, तवा ह्यांना पत्ता लागला.” तो गप्प झाला. दिवाळी तोंडावर होती. दोघांच्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली होती आणि ती फिटल्याशिवाय सुटका नव्हती. पाय बधिर झालेत हे कळलं तर डॉक्टर औषध बंद करतील, आजार उलटेल, किंवा तोडणीला जाऊ देणार नाहीत, ही त्याची भीती. म्हणून तो लपवत होता.

ऊसतोडीच्या फडात तोडलेल्या उसाच्या खोडक्या टोकदार असतात. बधिर पायानं त्यात दिवसभर वावरायचं म्हणजे संकट. डॉक्टरांपुढं तीन वाटा होत्या. लिनेझोलिड पूर्ण थांबवायचं, तर उरलेल्या औषधांची फळी अशक्त होते आणि सगळा भार बेडाक्विलिनवर येतो. तसंच चालू ठेवायचं, तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. तिसरी वाट मात्रा ६०० मिलिग्रॅमवरून ३०० वर आणण्याची. मार्गदर्शक सूचनांतही ती सोय आहे. थुंकी स्वच्छ येऊन काही महिने झाले होते, म्हणून तिसरी वाट धरली. तोडणीचं म्हणाल तर उचल माफ करणारा मुकादम मी अजून पाहिलेला नाही. हा गेला, पण मेव्हण्यानं कोयता घेतला आणि यानं बैलगाडी धरली, पायात कापडी बूट घालून. टीबी कार्यक्रमाच्या निक्षय पोर्टलवर त्याची नोंद कारखान्याच्या जिल्ह्यात बदलली, तिथल्या माझ्यासारख्याच एका भल्या माणसाशी फोन झाले, ईसीजी तिकडं निघाला आणि मोबाइलवर इकडं आला.

कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर टोळी परतली, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडाईच्या यात्रेत तो भेटला. वजन वाढलेलं. पुढं उपचार पूर्ण झाला, कल्चर स्वच्छ आलं. पण तळपायाची जळजळ राहिली, ती अजून आहे. “रात्री पेटल्यागत होतंय,” म्हणतो. मी विचारलं, औषध घेतल्याचा पस्तावा होतो का? म्हणाला, “पोरं आता अंगाशी झोपत्यात. पायाचं बघून घेतो.”

ज्या भागात टीबीचा रुग्ण हृदय, रक्त, नसा, नजर पणाला लावून इतकं मोजूनमापून औषध घेतो, त्याच भागात सर्दी झाली की लोक मेडिकलवर जाऊन “पावरची पाच गोळ्यांची पुडी द्या” म्हणतात. पाव्हणेरावळेही मला फोन करतात, “घसा धरलाय, अझिथ्रो घेऊ का?” साध्या सर्दी-पडशाला विषाणू कारण असतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. आता याच हिशेबाला बसा. अझिथ्रोमायसिनही क्यूटी लांबवू शकतं, २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तसा इशारा दिला होता. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या कुळातल्या औषधांनी टाचेमागची शीर सुजू किंवा तुटू शकते. साध्या दुखण्यांत त्यांच्या फायद्यापेक्षा धोका जास्त, असं त्याच नियंत्रकांनी २०१६ मध्ये सांगितलं. हे धोके बेडाक्विलिनच्या मानानं बारीक आहेत, मान्य. पण जिथं फायदाच शून्य आहे तिथं बारीक धोकाही तोट्याचाच. एमडीआरच्या रुग्णाला मोठा धोका परवडतो, कारण दुसऱ्या पारड्यात त्याचा जीव आहे.

आणि खोकल्यावर दिलेल्या लेव्होफ्लॉक्सासिनचा आमच्या कामाला वेगळाच फटका बसतो. ते टीबीच्या जंतूवरही चालतं. दोन-तीन आठवडे खोकणाऱ्याला आधी कुणी तरी ती पाच दिवसांची पुडी दिलेली असते. त्याला बरं वाटतं, ताप उतरतो, तो थुंकी द्यायला येत नाही. महिन्यानं परत येतो तेव्हा रोग वाढलेला असतो, घरात पसरलेला असतो, आणि कधी कधी जे औषध एमडीआरमध्ये कामाला यायचं तेच निकामी झालेलं असतं. टीबीची औषधं मार्च २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली तर वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. वही असते. ती भरलेली असते का, हे दुकानादुकानावर अवलंबून.

दुधाची गोष्टही सांगायला हवी. भूम-वाशीचा पट्टा खव्याचा, घरोघरी दूध. “औषध उष्ण पडतं, दुधाबरोबर घे,” हा सल्ला इथं थेट आजीकडून मिळतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि पोटातून पुरेसे रक्तात जात नाहीत. म्हणजे धोका पुरा, फायदा अर्धा. मी दूध बंद करायला सांगत नाही, टीबीच्या माणसाला दूध हवंच. गोळी आणि दूध यांच्यात दोन तास ठेवा, एवढंच सांगतो. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. त्यातून दूध-अंडी घ्या, पण गोळीपासून लांब, असं म्हणतो.

आता एमडीआरसाठी सहा महिन्यांचा नवा उपचार आला आहे: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्याला मान्यता दिली. दोन वर्षांच्या जागी सहा महिने, हे माझ्या ऊसतोड रुग्णांना केवढं मोठं आहे हे मी सांगायला नको. हंगाम संपवून येडाईच्या यात्रेला परतल्यावर सुरू केलं तर पुढच्या हंगामाआधी उरकतं. या उपचाराच्या जडणघडणीतही तोच हिशेब आहे. पहिल्या चाचणीत लिनेझोलिडची मात्रा रोज १,२०० मिलिग्रॅम होती. नव्वद टक्के रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्क्यांच्या नसांना त्रास झाला. पुढच्या चाचणीत ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तर बरं होणारे ९१ टक्के आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. औषध तेच. मात्रा बदलली, कारण कुणीतरी रुग्णांना त्यांच्या पायांबद्दल विचारून लिहून ठेवलं होतं.

म्हणून कुणी विचारलं की औषध भारी आहे, घ्यावं की नाही, तर मी आधी दोन गोष्टी विचारतो. हे लागतंय याचा पुरावा काय, थुंकीचा रिपोर्ट, कल्चर, काहीतरी? आणि घेताना तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार? दोन्ही असेल तर भिऊन मागं सरण्यात शहाणपण नाही. दोन्ही नसेल तर सर्दीची अझिथ्रोही नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी कायम तयार असतं असं नाही. गोळ्यांचा पुरवठा बहुधा होतो. ईसीजी मशीन असतं पण कागदाचा रोल संपलेला असतो, मशीन चालवणारे रजेवर असतात, रक्ताची तपासणी सोमवारीच होते आणि रुग्णाला सोमवारी शेंगा काढायला जायचं असतं. बैठकीत औषधांचा साठा विचारतात तेव्हा मी रोलचा साठाही सांगतो. कुणी विचारत नाही, तरी सांगतो. बेडाक्विलिन पोहोचलं आणि रोल पोहोचला नाही, तर त्या महिन्याला आमच्याकडं औषध अर्धंच आलं, असं मी धरतो आणि तसंच लिहितो.